जमीन माझी, फणस काकींचा

“हंय खणू नको.”

गोपाळ गवंड्यानं उगारलेली कुदळ खाली घेतली. अण्णा नारळ फोडायच्या बेतात होते, त्यांचाही हात थांबला. मी वळून बघितलं. रस्त्याकडून एक बाई सरळ माझ्या जागेत शिरली होती. साठीच्या आतबाहेरची, काटक, हातात छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी. पायाच्या आखणीसाठी गोपाळनं टाकलेल्या फक्कीच्या रेघा तिनं साडी सावरत ओलांडल्या आणि मधोमध उभ्या असलेल्या फणसाच्या बुंध्याला टेकून ती बसली.

“कोण तुम्ही?” मी विचारलं.

“ह्यो फणस माझो आसा,” ती म्हणाली. “माका इचारल्याबिगर ह्येका कोणी हात लावूचो नाय.”

मला हसूच आलं. मी एसटीत कंडक्टर. माझ्या गाडीत असल्या भांडणांना तोटा नव्हता. खिडकी माझी, सीट माझी, रुमाल मी आधी टाकलेला. “काकी,” मी म्हटलं, “जमीन माझी आहे. खरेदीखत झालंय, मोजणी झालीय, चारी कोपऱ्यांना दगड रोवलेत.”

“जमीन तुझी न्हय असा कोण म्हणता? जमीन तुझीच. फणस माझो.”

मी गोपाळकडे बघितलं. तो मान खाली घालून कुदळीच्या दांड्यावरची माती खरवडत होता.

“खरं आहे मॅडम,” तो हळूच म्हणाला. “झाड भागीरथीकाकींचंच. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल.”

अण्णांनी नारळ पिशवीत ठेवून दिला.

आम्ही मूळचे गारगोटीकडचे. अण्णांचं तिथं सायकलीचं दुकान होतं. आई गेल्यावर ते बंद करून मी त्यांना कुडाळला माझ्याजवळ आणलं. भाड्याच्या खोल्यांना आम्ही दोघं कंटाळलो होतो. दर वेळी घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं आणि आमची भांडी पोत्यात जायची. म्हणून शहराबाहेर, नेरवाडीच्या रस्त्याला मी ही पाच गुंठ्यांची जागा घेतली. घाटावर झाड जमिनीबरोबर जातं. जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

जागा विकणारा उल्हास राऊळ अर्ध्या तासात मोटारसायकलवरून आला. बागायतदार, बोलायला गोड. काकीकडे त्यानं बघितलंही नाही.

“मॅडम, आमची काकी आहे ही. माझ्या सख्ख्या काकांची बायको. काका गेल्यापासून जरा...” त्यानं डोक्याजवळ बोट फिरवलं. “बहिणीकडे असते, आंबोळीवाडीत. मी बघतो.”

“उल्हास,” बुंध्याजवळून आवाज आला, “माझ्या डोक्याचा मागसून बग. झाड कोणाचा, ता आदी सांग तिका.”

“आहे गं तुझंच. कोण नाही म्हणतंय?”

“मग मला विकताना सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम,” तो अगदी सरळपणे म्हणाला.

काकी दुपारपर्यंत बसल्या. पिशवीतली भाकरी खाल्ली, गोपाळकडून पाणी मागून घेतलं आणि गाडीची वाट न बघता चालत निघून गेल्या. जाताना त्यांनी माझ्या रेघांकडे पुन्हा नीट बघितलं, जणू त्याच त्यांना तपासायच्या होत्या.

कुडाळातल्या प्रभुदेसाई वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. राऊळांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ही जमीन उल्हासच्या वडिलांकडे आली, पण तिच्यावरचा फणस धाकट्या भावाला, म्हणजे काकींच्या नवऱ्याला मिळाला. कोकणात असं चालतं, ते म्हणाले. झाडाचा मालक झाडापाशी येऊ शकतो, फळ उतरवू शकतो. त्याच्या संमतीशिवाय ते तोडता येत नाही.

“मग मी काय करू?”

“एक तर तिच्याकडून झाड विकत घ्या, नाही तर घर सरकवा.”

घर सरकवायचं कुठं? गोपाळबरोबर मी टेप घेऊन सगळी जागा पुन्हा पालथी घातली. पुढं रस्ता, त्याच्या कडेनं विजेची मोठी लाईन गेलेली. तिच्याखाली बांधायला परवानगी नाही. मागं जमीन उताराला लागलेली. तिथं घर घ्यायचं तर पुरुषभर उंच जोतं बांधून आत भराव टाकावा लागणार, आणि पावसात तो भराव बसला की भिंतींना तडे. सपाट, मुरमाड, पक्की अशी एकच जागा होती आणि तिच्या मधोमध फणस उभा होता.

“झाड ठेवून दोन बाजूंना दोन खोल्या काढू?” अण्णांनी विचारलं.

“मुळं पायाखाली जाणार, अण्णा,” गोपाळ म्हणाला. “आणि वरून फणस पडला तर कौलं सोडा, माणूस राहायचा नाही.”

पुढच्या सुट्टीला मी आंबोळीवाडी गाठली. काकींनी पडवीत बसायला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं. बहीण आत स्वयंपाक करत होती. बहिणीचा संसार भरलेला होता, आणि पडवीच्या एका कोपऱ्यात दोरीवर दोन साड्या, खाली एक पत्र्याची पेटी, एवढं काकींचं होतं.

मी झाडाची किंमत विचारली.

“विकूचो नाय,” त्या म्हणाल्या.

“बाजारभावापेक्षा जास्त देते.”

“पैशे माका कित्याक? पैशे हंय ठेवले तर हंयच संपतले.” त्यांनी आतल्या खोलीकडे नुसती नजर टाकली. मग एकदम त्यांनी विचारलं, “तुझी गेट खंय येतली?”

“रस्त्याकडे. डाव्या कोपऱ्यात.”

“आणि संडासाची टाकी?”

“उजव्या बाजूला, मागं.”

“ती डावीकडे घेवक गावात नाय?”

“घेता येईल... पण का?”

“असाच इचारलंय. आणि घराच्या उजवीकडे किती जागा सुटतली?”

मला वाटलं, बाईला चौकशांची हौस आहे. वय झालं की दुसऱ्याच्या घरात असं लक्ष जातं. मी सगळं सांगितलं, सरबत संपवलं आणि रिकाम्या हातानं परत आले.

त्या आठवड्यात उल्हास आमच्या खोलीवर आला. येताना अण्णांसाठी काजूची पिशवी घेऊन आला होता.

“मॅडम, तुमचं काम अडलंय ते मला बघवत नाही. माझ्यामुळे झालं, मीच निस्तरतो. रविवारी तुम्ही ड्युटीवर जा. मी कटरवाला घेऊन येतो. संध्याकाळी परत आलात की झाड नसेल. पडलेल्या झाडाला कोण उभं करतंय?”

“काकी तक्रार करतील.”

“माझ्यावर करू दे. तोडलं मी, तुम्ही गावातसुद्धा नव्हतात. भाऊबंदकीतलं भांडण आहे म्हणतील, बास.”

“फणस तोडायला परवानगी लागते म्हणे.”

“ते पण माझ्याकडे लागलं.” तो उठला. दारात थांबून सहज सांगितल्यासारखं म्हणाला, “एक तेवढं करा. घराबरोबर मागच्या हद्दीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिऱ्याचा गडगा, कुंपणाची भिंत, घालून घ्या. चिरे मी पाठवतो. गुरं येतात खालून.”

तो गेल्यावर अण्णांनी काजूची पिशवी बाजूला सारली.

“शैले, झाड गेलं तर आपला पाया पडतोय,” ते म्हणाले. “तुझं नाव कुठं येत नाही. मला विचारशील तर, मला आता दुसऱ्याच्या घरात मरायचं नाही.”

त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी गप्प राहिले, म्हणजे तयारच होते. माझ्या जमिनीवर माझं घर, आणि मध्ये एक झाड. आपण कुणाचं घर तर लुबाडत नाही, असं मी मनाशी म्हणत होते.

रविवारी सकाळी माझी सावंतवाडी फेरी होती. डेपोत आले, तिकिटाचं मशीन घेतलं, गाडीला टेकून चहा प्यायले. पण उल्हासचे ते चिरे डोक्यातून जाईनात. गुरं येतात म्हणाला होता. मी ती जागा घेण्याआधी कितीदा तरी तिथं गेले होते, मागच्या बाजूनं कधी शेळीसुद्धा वर आलेली बघितली नव्हती. आणि फुकट चिरे देणारा माणूस मला नोकरीत कधी भेटला नव्हता. सुट्टे पैसे सोडायला लोक तयार नसतात.

मी मैत्रिणीशी फेरी बदलून घेतली आणि रिक्षा करून नेरवाडी गाठली.

जागेवर अजून कोणी नव्हतं. मी मागच्या हद्दीचा दगड ओलांडून उतारावरून खाली गेले. खरेदीच्या वेळी मी तिथं वरूनच डोकावले होते, रान माजलेलं दिसलं होतं एवढंच. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत खाली उतरले आणि थबकले. खाली छान सपाट तुकडा होता. पलीकडे व्हाळ, अजून पाणी वाहतं होतं. मधे चिऱ्यांची जुनी बांधीव विहीर, वाकून बघितलं तर पाणी हाताला लागेल इतकं वर. कडेला चार माड. डाव्या हाताला उल्हासच्या काजूची बाग, तारेचं पक्कं कुंपण घातलेली. उजव्या हाताला सरळ उभा कातळ.

कुणाचा तुकडा हा? विचारायची गरज नव्हती. वाटणीत धाकट्या भावाला नुसतं झाड कोण देईल? हा तुकडा त्याचाच असणार, आणि इथं यायला माझ्या जमिनीखेरीज वाट नव्हती. जमीन राऊळांची होती तोवर वाटेचा प्रश्नच आला नसेल. आता ती माझी झाली होती. काकींना माझ्या हद्दीत पाऊल टाकायचा एकच आधार राहिला होता, तो फणस. तो पडला आणि मागं गडगा उभा राहिला की हा तुकडा असून नसल्यासारखा. मग उल्हास सांगेल त्या भावानं त्या तो विकतील, नाही तर त्या मरेपर्यंत तो वाट बघेल.

वरून कटरचा आवाज आला.

मी उतार कसा चढले ते मला आठवत नाही. साडी करवंदीत अडकून फाटली होती. वर आले तेव्हा कटरवाला झाडावर होता, एक फांदी खाली पडलेली, पांढरा चीक ठिबकत होता. उल्हास खाली उभा राहून हातानं खुणा करत होता.

“थांबवा!” मी ओरडले. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा माझा आवाज कटरच्याही वर गेला. मशीन बंद झालं.

“मॅडम, तुम्ही ड्युटीवर...”

“खाली उतर रे तू. ही जमीन माझी आहे आणि माझ्या जमिनीत तुला मी बोलावलेलं नाही.”

कटरवाला उल्हासकडे बघत बघत उतरला.

“मॅडम, डोकं शांत ठेवा,” उल्हास म्हणाला. “हे सगळं तुमच्या घरासाठी चाललंय.”

“माझ्या घरासाठी चिरे कशाला देताय?”

त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. मग त्यानं गोड बोलणं सोडून दिलं. “खाली जाऊन आलात तर. मग नीट ऐका. म्हातारीला ना मूल ना बाळ. ती जमीन शेवटी आमचीच आहे. आज ना उद्या. तुम्ही मध्ये पडून काय मिळवणार? तिचं झाड राहिलं तर तुमचं घर होत नाही. भाड्याच्या खोलीतच म्हातारपण काढणार का वडलांचं?”

हा घाव बरोबर लागला. क्षणभर मला अण्णांचा चेहराच दिसला.

“माझं घर मी बघेन,” मी म्हटलं. “तुम्ही तुमची मोटारसायकल बाहेर काढा. आता इथं यायचं तर मला विचारून यायचं.”

तो गेला. फांदी तिथंच पडून राहिली.

मी तशीच, फाटक्या साडीनं, आंबोळीवाडीला गेले. काकी पडवीत तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं. फांदीचं ऐकून त्यांनी नुसतं “हां” म्हटलं.

“काकी, तुम्हाला झाड नकोच आहे. तुम्हाला वाट हवी आहे.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “आता कळला तुका?”

“मग सरळ मागायची होती. मी नाही म्हटलं असतं का?”

“नसतस म्हणाली. ‘जावा काकी, जावा’ म्हटला असतस. तू भली बायल दिसतस. पण ती तुझी मेहेरबानी. उद्या तू घर विकलंस, नवो मालक इलो, तर माझी वाट संपली.” त्या पुढं झुकल्या. “नवरो गेल्यावर धा वर्सां मी दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगलंय. बहीण माझी भली, तिचो नवरोय भलो. तरी सकाळी चाय घेताना दोनदा इचार करूचो लागता. माका आता मेहेरबानी नको. माका हक्क व्हयो. रजिस्टर करून.”

“आणि त्या बदल्यात?”

“फणस तुका. मी स्वतः परवानगीचो अर्ज करतंय. तोड, फळी काड, काय व्हया ता कर.”

प्रभुदेसाई वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शैलाताई, हे करू नका. असा हक्क एकदा लिहून दिलात की तो कायमचा. तुमच्यानंतरही. जागेची किंमत उतरेल. त्यापेक्षा कोर्टात जाऊ, वाटाघाटी करू, वेळ जाऊ दे. बाईचं वय बघा.”

“तिच्या वयावरच तर सगळे टपून बसलेत,” मी म्हटलं. “मसुदा करा.”

पण वाट किती रुंद, यावरून आम्ही दोघी जागेवर चांगल्या भांडलो. मी म्हटलं, माणूस जाईल एवढी पुरे. काकी म्हणाल्या, रिक्षा जाईल एवढी हवी.

“काकी, माझी स्वयंपाकघराची खिडकी वाटेवर येतेय!”

“येवंदे. मी काय आत बघूचंय नाय. पण विटा, वाळू, सिमीट मी डोक्यावरून व्हावूचां काय? आणि उद्या माका उचलून दवाखान्यात न्हेवची पाळी इली तर?”

“विटा-वाळू?” अण्णांनी विचारलं. “कशाला?”

काकींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. “घर बांधूक.”

मग गोपाळनं टेपचं टोक उचललं. “टाकी डावीकडे घेतली आणि जिना बाहेरून न काढता आतून काढला, तर रिक्षा जाईल,” तो म्हणाला. माझा बाहेरचा जिना मला फार हवा होता, वर माडीच्या दाराशी अण्णांची खुर्ची ठेवायची होती. अण्णाच म्हणाले, “जिना आतून असला तर पावसात भिजायला होणार नाही. घाल फक्की.”

रजिस्टर ऑफिसात काकी नवी साडी नेसून आल्या होत्या. अंगठा लावायला शाई पुढं केली तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली आणि पेन मागितलं. सावकाश, एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. भागीरथी वामन राऊळ. मग ती सही ओली असताना त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

परवानगी आली, फणस उतरवला, पाया पडला. पुढच्या पावसाआधी माझ्या घरावर कौलं चढली. अण्णांना ते घर सात वर्षं लाभलं. गेले ते आपल्याच खोलीत गेले.

काकींचं घर माझ्यानंतर दोन वर्षांनी झालं. दोन खोल्या आणि पडवी, विहिरीच्या बाजूला. पैसे कसे जमवले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वीज आली, घराला नंबर पडला. उल्हास दोनतीनदा ग्रामपंचायतीत हरकत घेऊन आला, पण वाट कागदावर पक्की होती, त्याला कुठं बोट ठेवायला जागा मिळाली नाही. नंतर त्यानं आम्हा दोघींकडे बघणं सोडून दिलं. काकींनी बहिणीच्या मुलीच्या नावानं मृत्युपत्र करून ठेवलं आणि ती बातमी त्यांनी स्वतःच त्याच्या बागेच्या कुंपणापाशी उभं राहून त्याला मोठ्यानं ऐकवली.

त्या राहायला आल्या त्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रात्रभर धो धो पडून सकाळी जरा उघडीप झाली होती. मी ड्युटीला निघायच्या गडबडीत होते. दार वाजलं. काकी छत्री घेऊन उभ्या होत्या, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

मला वाटलं, काही हवं असेल. नवीन घर, पहिला पाऊस, कुठं गळत असेल. “या ना काकी, आत या. चहा टाकते.”

“चाय नंतर,” त्या म्हणाल्या. “तू आदी भायर ये.”

मी चप्पल घालून बाहेर गेले. त्यांनी छत्रीच्या टोकानं माझ्या छपराच्या पागोळ्या दाखवल्या, मग खाली वाटेवर पागोळ्यांनी पाडलेला खड्डा.

“तुझ्या पागोळ्यांचा पाणी माझ्या वाटेर पडता,” त्या म्हणाल्या. “चिखल झालो सगळो. पन्हळ लावून घे.”

त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, रागही नव्हता.

“आज लावायला सांगते,” मी म्हटलं.

“आजच सांग,” त्या म्हणाल्या, आणि साडी वर खोचून, मधोमध चालत, त्या आपल्या घरी गेल्या.